दोघांचंही तोंड आलंय, पण आजार एक नाही

वैद्यताई, नमस्कार.

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहते. वय 37. घरीच कांदा-लसूण चटणीच्या ऑर्डरी घेते. फेब्रुवारीपासून पाऊस सुरू होईपर्यंत मान वर करायला सवड नसते. पहाटे चारला उठते, झोपायला साडेअकरा होतात. दुपारी दीड-दोनपर्यंत चहा-बटरवरच असते. शुक्रवारी अंबाबाईचा उपवास.

गेली दोन वर्षं जवळजवळ दर महिन्याला माझं तोंड येतं. खालच्या ओठाच्या आत आणि जिभेच्या कडेला तीन-चार फोड, मध्ये पिवळट, भोवतीनं लाल. भाकरीचा घास नको होतो. आठ-दहा दिवसांत आपोआप जातं, पुढच्या पाळीच्या आधी परत हजर. पोट साफ होत नाही. पित्ताची गोळी तीन वर्षं रोज सकाळी चालू आहे. पाळीत अंगावरून बरंच जातं. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, तुरटी लाव आणि दही खा. मेडिकलवाल्यानं बी-कॉम्प्लेक्स दिलं, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. आयुर्वेदात यावर पक्का इलाज आहे का? आणि तिखट कायमचं सोडावं लागेल का? आमच्या घरात ते कसं जमायचं?

ता. क. आमच्या मिस्टरांनाही हल्ली तिखट सोसत नाही. ते शिरोलीला फाउंड्रीत आहेत. तोंडाची आग होते म्हणतात, पण फोड दिसत नाहीत. वडापाव खाताना तोंड पुरतं उघडत नाही. मावा खायची सवय आहे. मला सांगाल तेच औषध त्यांना दिलं तर चालेल का?

– एक वाचक, कोल्हापूर

ताई, नमस्कार.

तुमच्या तोंडाचं सविस्तर सांगते, पण आधी ता. क. घेते. कारण तुमच्या घरातून दवाखान्यात पहिल्यांदा कुणी जायला हवं असेल, तर ते तुमच्या मिस्टरांनी.

तुमचं औषध त्यांना देऊ नका. तिखटानं आग होणं, फोड न दिसणं आणि तोंड कमी उघडणं, या तीन गोष्टी सुपारी-तंबाखूचा मावा खाणाऱ्या माणसात एकत्र दिसल्या की पहिली शंका येते ती सबम्युकस फायब्रोसिसची. सुपारीमुळे गालाच्या आतल्या पातळ अस्तराखाली तंतू साठत जातात. मऊ, गुलाबी गाल हळूहळू पांढुरका आणि ताठर होतो. आतून बोट फिरवलं तर उभे कडक पट्टे हाताला लागतात. सुरुवातीला फक्त तिखट झोंबतं. माणूस तिखट कमी करतो, बरं वाटतं, आणि वर्षं तशीच निघून जातात. पुढे जांभईसुद्धा अर्धी येते.

आज रात्री जेवायच्या आधी त्यांना आरशासमोर उभं करा. त्यांच्याच हाताची मधली तीन बोटं जुळवून, एकावर एक येतील अशी उभी धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालायला सांगा. तिन्ही सहज जायला हवीत. दोनच जात असतील, तर याच आठवड्यात दंतवैद्याकडे किंवा सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या दंतविभागात जायचं. तीन गेली तरी जायचंच, फक्त घाबरून नाही. आग होते आहे म्हणजे आत काहीतरी सुरू झालेलं असू शकतं, आणि हा आजार कर्करोगाच्या वाटेवरचा मानला जातो. लवकर सापडला आणि मावा सुटला, तर तो तिथेच थोपवता येतो. तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात द्यायची इंजेक्शनं, फार पुढे गेलं असेल तर शस्त्रक्रिया, असे उपचार आहेत. पण एकदा तयार झालेले तंतू पूर्ण विरघळवून गाल पहिल्यासारखा करणारं औषध आमच्या आयुर्वेदातही नाही आणि अ‍ॅलोपॅथीतही नाही. कुणी तशी हमी देऊन डबी विकत असेल तर पैसे खिशातच राहू द्या. तूप-हळद लावून त्यांची आग थोडी कमी होईल, आणि धोका तिथेच आहे. आग थांबली की माणूस तपासणीला जात नाही.

ते काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे. ‘मावा ताजा असतो, डोळ्यादेखत घोळून देतात, गुटख्यासारखं त्यात केमिकल नसतं.’ महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली, तेव्हापासून हे वाक्य मी पेठेत, एमआयडीसीत, एसटी स्टँडवर, सगळीकडे ऐकते. ताजी असली तरी सुपारी ती सुपारीच. तंबाखू न घालता नुसती सुपारीही कर्करोग करू शकते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 सालीच जाहीर केलं आहे. त्यामुळे ‘तंबाखू सोडली, आता नुसती सुपारी चघळतो’ ही तडजोड मान्य करू नका. फाउंड्रीत रात्रपाळीला झोप उडवायला मावा लागतो, हेही कारण पुढे येईल. त्यांना रागवून काही होणार नाही. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, 1800112356. फोन त्यांनी स्वतः करायचा, तुम्ही नाही. दंतवैद्याकडे मात्र तुम्ही सोबत जा, नाहीतर ‘जाऊन आलो, काही नाही म्हणाले’ एवढंच घरी येईल.

आता तुमच्याकडे वळते.

सासूबाईंचं निदान चुकीचं नाही, अर्धं आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सोळावा अध्याय मुखरोगांचा आहे. ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ आणि संपूर्ण तोंड अशा सात जागी मिळून 65 रोग तिथे मोजले आहेत. त्यातला शेवटचा गट संपूर्ण तोंडात पसरणाऱ्यांचा, म्हणजे आपण ज्याला तोंड येणं म्हणतो तो मुखपाक. वातानं आलेल्या फोडांना टोचल्यासारखं दुखतं. कफाचे खाजतात, फार दुखत नाहीत, त्यांचा रंगही आजूबाजूच्या त्वचेसारखाच असतो. पित्ताचे लाल, पिवळट, पातळ आणि आग आग करणारे. तुमचं वर्णन शब्दाशब्दानं तिसऱ्यात बसतं. चरकानं पित्ताच्या 40 विकारांत तोंड पिकणं घेतलंच आहे, शिवाय रक्त बिघडल्यानं होणाऱ्या आजारांतही मुखपाकाचं नाव दिलं आहे. म्हणजे ग्रंथांनुसार पाहायचं ते पित्त आणि रक्त दोन्हींकडे. घरात मात्र ‘उष्णता’ म्हटलं की चौकशी संपते. वैद्याचं काम तिथून सुरू होतं. ही उष्णता शिरते कुठून, आणि बाहेर का पडत नाही?

शिरायची वाट तुमच्या दिनक्रमातच आहे. पहाटे चार ते दुपारी दोन, दहा तास पोटात चहा आणि बटर. दूध-साखरेचा असला तरी उपाशीपोटी चारदा घेतलेला चहा पित्त वाढवतो. भुकेच्या वेळी अन्न पडलं नाही तर पाचक अग्नीला काम मिळत नाही आणि पित्त खवळतं, हे तुम्हाला छातीतल्या जळजळीवरून कळत असेलच. वर झोप साडेचार तासांची. जागरणानं शरीर रुक्ष होतं, आणि रुक्ष तोंड लवकर सोलतं. शुक्रवारी साबुदाण्याची खिचडी, त्यात हिरवी मिरची आणि मूठभर शेंगदाणे. उपवास करा, पण त्या दिवशी राजगिऱ्याच्या लाह्या दुधात, वऱ्याचे तांदूळ तुपाबरोबर, एखादं गोड डाळिंब, असं बघा.

चटणीचं काम मी जवळून पाहिलेलं आहे. संकेश्वरी आणि ब्याडगी वेगवेगळी भाजायची, खोबरं, तीळ, धने तळायचे, मग कांदा-लसूण. मिरची कढईत पडली की ठसका बसतो म्हणून बायका तोंडाला ओला पदर किंवा रुमाल बांधतात आणि तोंडानं श्वास घेतात. तासाभरात जीभ कोरडी पडते. मग डंकावरून चटणी आली की मीठ, तिखट बघायला बोटाचं टोक तिच्यात बुडवून जिभेच्या कडेला लावायचं. प्रत्येक घाणीला एकदा. दिवसात किती वेळा होतं ते एकदा मोजा. तिथे कोरडी जीभ, कोरडी चटणी आणि रिकामं पोट एकत्र येतं. चव बघायचं काम सीझनमध्ये सासूबाईंना किंवा मदतनीस बाईंना द्या. तुम्हालाच बघायची असेल तर चटणीत तेल घालून भाकरीच्या तुकड्याबरोबर बघा. कढईजवळ असताना दर थोड्या वेळानं घोटभर पाणी प्या. आणखी एक बघून घ्या. फोड जिभेच्या एकाच कडेला येत असतील तर त्या बाजूची एखादी दाढ टोकदार झालेली असू शकते. दंतवैद्य ती पाच मिनिटांत घासून देतो.

म्हणजे तिखट कायमचं सोडायचं का? नाही. तिखट उघड्या फोडाला झोंबतं, म्हणून फोड असतानाचे आठ दिवस सोडायचंच. एरवी तुमच्या ताटातलं तिखट हे एकटं आरोपी नाही. आपल्याकडचं जुनं जेवण बघा. चटणीवर शेंगदाण्याचं तेल, शेजारी ज्वारीची भाकरी, वर दूध किंवा तूप-भात. तिखटाला स्निग्ध आणि गोड यांची जोड असतेच. त्रास होतो तो तिखट, खारट, आंबट एकत्र आल्यावर आणि तेही अवेळी. सकाळी अकराला उपाशीपोटी मिसळ, कटाच्या दोन वाट्या जास्त, वर लिंबू, आणि सोबत ब्रेडची कडक कड. त्या कडेनंही आतला ओठ सोलतो. पांढरा रस्सा पांढरा म्हणून गार, असं समजू नका. त्यात काळी मिरी, आलं, लसूण, हिरवी मिरची भरपूर असते. फोड असताना तोही नको.

दह्याबद्दल सासूबाईंशी जरा वाद घालावा लागेल. दही हाताला गार लागतं, पण आयुर्वेद त्याला आंबट आणि उष्ण मानतो, आणि पित्त-रक्ताच्या विकारात ते टाळायला सांगतो. रात्री तर नकोच. मटणाबरोबरची दही-कांद्याची कोशिंबीर हीही त्यातच आली. तोंड आलेलं असताना आंबट दह्यानं चरचर होते ती वेगळीच. त्याऐवजी ताजं, गोड, लोणी काढलेलं ताक चालेल, घरचं लोणी-खडीसाखर उत्तम. आवळा आंबट असूनही पित्त शमवतो, म्हणून फोड बरे झाल्यावर रोज सकाळी एक मोरावळा खा.

आता बाहेर पडायची वाट, म्हणजे पोट. पित्तासाठी आयुर्वेदाचा मुख्य उपचार विरेचन, म्हणजे जुलाब देऊन पोट साफ करणं, हा आहे, आणि तुमचं तर रोजचंच अडलेलं आहे. पंचकर्माचं मोठं विरेचन वैद्याच्या देखरेखीखाली शरद ऋतूत, म्हणजे नवरात्र-दिवाळीच्या सुमारास करतात, ते पुढे बघू. सध्या रात्री दहा-पंधरा काळ्या मनुका भिजत घाला आणि सकाळी चहाच्या आधी कुस्करून पाण्यासकट खा. झोपताना कोमट दुधात एक चमचा गाईचं तूप. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर जवळच्या वैद्याला विचारून अविपत्तिकर चूर्ण सुरू करा. त्यात निशोत्तर हे जुलाबाचं औषध असतं, म्हणून ते मनानं नको, आणि दिवस राहण्याची शक्यता असेल तर अजिबात नको.

फोड आल्यावर तोंडात काय करायचं, तर याला आमच्याकडे दोन प्रकार आहेत. कवल म्हणजे तोंडात थोडं घेऊन खळखळवायचं, आणि गंडूष म्हणजे तोंड गच्च भरून हलवायचं नाही, तसंच धरून बसायचं. तुमच्या फोडांना खळखळणं दुखेल, म्हणून गंडूष करा. एक चमचा ज्येष्ठमधाची भरड आणि एक चमचा त्रिफळ्याची भरड दोन कप पाण्यात उकळून एक कप उरवा, गाळा, पूर्ण गार करा, मग त्यात चमचाभर मध घाला. पाटावर किंवा खुर्चीवर नीट बसा, मान किंचित वर, तोंड भरून घ्या आणि नाकाडोळ्यांतून पाणी येईपर्यंत धरा. थुंका, पुन्हा भरा. सकाळ-संध्याकाळ असं तीनदा. गिळायचं नाही. काढ्याला जाईची पानं, गुळवेल, दारुहळद, मनुका यांची जोड द्यायचा जुना पाठ आहे, पण तुमच्या सीझनमध्ये तेवढं जमवत बसाल असं मला वाटत नाही. ज्येष्ठमध-त्रिफळ्यावर भागेल.

आग फारच असेल तेव्हा काढ्याऐवजी दूध. उकळून गार केलेलं दूध, त्यात वितळलेलं चमचाभर तूप, तोंडात भरून धरायचं. गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आपल्याकडे कौतुकानं पितात, आणि ग्रंथांतही त्याची स्तुती आहे. पण न उकळलेल्या दुधातून आजार येतात, आणि तुमच्या तोंडात आधीच उघड्या जखमा आहेत. उकळलेलंच वापरा.

रात्री झोपताना ज्येष्ठमधाचं बारीक चूर्ण तुपात खलून फोडावर बोटानं अलगद लावा. घासायचं नाही. इरिमेदादि तेल घरात असेल तर फोड नसलेल्या दिवसांत सकाळी चमचा-दोन चमचे तोंडात धरून थुंकलं तरी चालतं, हिरड्यांनाही बरं. चघळायला खदिरादि वटी मिळते. तिच्यात खैर असतो म्हणून ‘मग पानातला कात चालेल की’ असं मिस्टर म्हणतील. नाही चालणार.

जाईची पानं चघळतात, तो उपाय चांगला आहे. तीन-चार कोवळी पानं धुऊन चावायची, रस तोंडात फिरवायचा आणि चोथा थुंकायचा. पण पान जाईचंच आहे याची खात्री हवी. कुंपणावरची रातराणी विषारी आहे, तिची पानं चुकूनही नकोत. ओळख पटत नसेल तर पेरूची कोवळी पानं घ्या, ती सगळ्यांना ओळखता येतात. कच्चं तोंडलं चावायचा उपाय तुमच्या सासूबाईंना माहीत असेल, करायला हरकत नाही.

तुरटीचा खडा फोडावर घासू नका. ग्लासभर पाण्यात चिमूटभर विरघळवून चूळ भरली तर ठीक, खडा मात्र जखम भाजतो. टाकणखाराची लाही मधातून लावायची पद्धतही जुनी आहे. मोठ्या माणसाला वैद्य ती देतात, लहान मुलांना टाकणखार अजिबात लावायचा नाही, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मधसुद्धा नाही. चुना, तपकीर, पेस्ट, असलं काही फोडावर ठेवू नका. तुम्ही दात घासायला मिश्री वापरता का, हे पत्रात नाही. वापरत असाल तर ती तंबाखूच आहे, आजपासून बंद. टूथपेस्टमधल्या फेस आणणाऱ्या सोडियम लॉरिल सल्फेटनंही काही जणांचं तोंड वरचेवर येतं. डब्यावर ते नाव असेल तर दोन महिने ते नसलेली पेस्ट वापरून बघा.

इतकं सगळं करूनही पुढच्या महिन्यात तोंड येऊ शकतं, कारण रक्ताची बाजू अजून राहिली आहे. पाळीत भरपूर जातं, जेवणाला लागून चहा, आणि तीन वर्षं रोज पित्ताची गोळी. चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. आम्ल दाबणारी गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी-12 आणि लोह दोन्ही कमी शोषलं जातं. आणि लोह, बी-12, फॉलिक अ‍ॅसिड यांच्या कमतरतेत असेच फोड वारंवार येतात. मेडिकलवाल्याच्या बी-कॉम्प्लेक्सनं थोडं बरं वाटलं, हा एक धागा धरायला हरकत नाही, पण नेमकं काय कमी आहे ते न बघता पुन्हा तीच पट्टी आणू नका. हिमोग्लोबिनसह सीबीसी, फेरिटिन (अंगात साठलेलं लोह), बी-12, फॉलेट आणि उपाशीपोटीची साखर, एवढ्या तपासण्या एकाच वेळी करून घ्या. मी वैद्य असून रक्त तपासायला सांगते म्हणून काहींना आश्चर्य वाटतं. चरकानं रक्ताकडे बोट दाखवलं आहे, तर ते बघायची सोय आज आहे तेव्हा का वापरू नये?

लोह कमी निघालं तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्या, आणि चहा तिच्या व जेवणाच्या तास-दीड तास लांब ठेवा. लोहाच्या गोळीनं पोट आणखी अडतं, तेव्हा मनुका चालूच ठेवा. लोहभस्म किंवा मंडुराची औषधं स्वतःहून आणू नका. पाळीच्या जास्त जाण्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. तिकडून रक्त वाहत असताना इकडे गोळ्या भरून उपयोग नाही. पित्ताची गोळी एकदम बंद करू नका, आम्ल उसळी मारतं. ज्यांनी दिली त्यांनाच विचारून, सकाळचं जेवण मार्गी लागल्यावर, हळूहळू कमी करायची. सकाळी सहाला चहाबरोबर का होईना, तूप लावलेली अर्धी भाकरी किंवा नाचणीची दूध घातलेली खीर पोटात गेली पाहिजे. बटर नव्हे.

फोडांच्या दिवसांत मऊ भात, मुगाचं वरण, तूप, दुधात कुस्करलेली भाकरी, दुधी, दोडका, पडवळ. गरमागरम काही नको, सगळं कोमट. धने-जिऱ्याचं रात्री भिजवलेलं पाणी सकाळी गाळून घ्या. गुलकंद चमचाभर चालेल, साखर जास्त निघाली तर नको. ज्येष्ठमधाचंही तसंच. चूळ भरून थुंकलात तर काही नाही, पण ते रोज पोटात घेतल्यानं रक्तदाब वाढतो. सासूबाईंना बीपी असेल तर त्यांनी खोकल्यासाठी ज्येष्ठमध चघळत बसू नये.

एखादा फोड तीन आठवड्यांत भरला नाही, त्याची कड हाताला टणक लागली, न दुखणारा चट्टा दिसला, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल डाग आला, मानेत गाठ लागली, तर काढे बाजूला ठेवून तपासणीला जायचं. तोंडाबरोबर डोळे लाल होत असतील, गुप्तांगावरही फोड येत असतील, किंवा सतत जुलाब होऊन वजन उतरत असेल, तरीही जायचं. तुम्हाला सध्या यातलं काही दिसत नाही, पण मिस्टरांचं तोंड दंतवैद्य बघेल तेव्हा तुम्हीही खुर्चीत बसून घ्या.

रिपोर्ट आले की आकडे लिहून पाठवा. फोड कुठल्या तारखेला आले आणि पाळी कधी आली, हे दोन्ही कालनिर्णयवर टिपत चला. आणि मिस्टरांची तीन बोटं गेली की दोनच, ते मात्र रिपोर्टची वाट न बघता कळवा.

– वैद्यताई